सामाजिक विघटन सिद्धांत (बालगुन्हेगारीविषयक)

बालगुन्हेगारीची मुळे मुलाच्या वंशात वा स्वभावात न शोधता त्याच्या वस्तीत शोधणारा समाजशास्त्रीय सिद्धांत. क्लिफर्ड शॉ (१८९५–१९५७) व हेन्री मॅके (१८९९–१९८०) यांनी तो शिकागोत मांडला. तेथे १८९९ पासून बालन्यायालय असल्याने दप्तर हाताशी होते. न्यायालयात आणलेल्या प्रत्येक मुलाच्या घराच्या जागी नकाशावर एक ठिपका, अशी त्यांची रीत. कारखान्यांलगतच्या मोडकळीस आलेल्या वस्त्यांत ठिपके दाटत, उपनगरांकडे विरळ होत. १९०० ते १९३३ मधील तीन नोंदमालिका ताडल्यावर दिसले, की या वस्त्यांतून जर्मन व आयरिश कुटुंबे गेली, पोलिश व इटालियन आली, तरी गुन्ह्यांचे प्रमाण तेथे चढेच राहिले. बाहेर पडलेल्यांच्या मुलांत मात्र ते घटले. भाडेकरूंची सततची ये-जा व गरिबी यांमुळे शेजारपाजारचा धाक उरत नाही (हेच सामाजिक विघटन) आणि थोरल्या टोळीचे वळण धाकट्यांना लागते, हा त्यांचा निष्कर्ष (१९४२). वंशदोषाच्या मताला हे ठोस उत्तर होते.

शॉ यांनी मुलांकडून आत्मवृत्तेही लिहवून घेतली. ‘स्टॅन्ली’ या टोपणनावाच्या पोलिश मुलाचे ‘द जॅक-रोलर’ (१९३०) त्यांत सर्वांत महत्त्वाचे. सावत्र आईचा जाच, लहानपणीच घरातून पळणे, दारूच्या नशेत पडलेल्यांना लुटणे, सुधारगृहाच्या वाऱ्या आणि तेथे सोबत्यांकडून मिळालेले पुढचे धडे, हे सारे त्याच्याच शब्दांत येते. शॉ यांनी त्याला दुसऱ्या वस्तीत ठेवले. विक्रेत्याचे काम करून तो बराच सावरला. गुन्ह्यांचे मूळ वस्तीत आहे, हाच विचार ‘शिकागो एरिया प्रोजेक्ट’ या उपक्रमामागे होता. तेथे वस्तीतलीच माणसे, शिक्षा भोगून आलेली काहीजणही, कार्यकर्ते म्हणून नेमली गेली. परिणामांविषयी मतभेद आहेत.

आक्षेप : न्यायालयाच्या नोंदीत पोलिसांचा पूर्वग्रहही उतरतो. समज देऊन घरी सोडलेला सुखवस्तू मुलगा नकाशावर येतच नाही. वस्तीच्या सरासरीवरून एकेका व्यक्तीविषयी अनुमान काढता येत नाही, हे विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवले. रॉबर्ट सॅम्पसन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शिकागोच्याच ३४३ वस्तीगटांच्या पाहणीतून सिद्धांताला नवे बळ दिले : शेजाऱ्यांत परस्परविश्वास व मुलांना हटकण्याची तयारी असेल, तेथे हिंसा कमी आढळली.

इतर उपपत्ती : उद्दिष्टे व साधने यांतील तफावतीवर भर देणारी मर्टन यांची (१९३८), टोळीच्या उपसंस्कृतीवर भर देणारी कोहेन यांची (१९५५), सामाजिक बंधांवर भर देणारी हर्शी यांची (१९६९).

मुली : शॉ-मॅके यांचा भर मुलग्यांवर; मुलींचा विचार त्रोटक.

भारत : गुन्हेगारी जन्मजात मानणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये आला. शॉ-मॅके यांचे नकाशे प्रसिद्ध झाले, तेव्हाही सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये (या कायद्याखालील सक्तीच्या वसाहतीत) कैकाडी, पारधी मुले तारेच्या कुंपणाआड वाढत होती. या जमाती १९५२ मध्ये विमुक्त झाल्या.