म्हातारा बैल आणि ४४ हजारांचं लीड : कोल्हापूर २००९

तिकीट कापलं की "अपक्ष लढणार" अशी डरकाळी दर निवडणुकीत ऐकू येते. माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत त्यातल्या निम्म्या डरकाळ्या विरतात, उरलेल्यांचं डिपॉझिट जातं. विद्यमान खासदार पक्षाशिवाय उभा राहिला आणि परत निवडून आला, अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी. त्यातलं एक आपल्या कोल्हापूरचं. नव्या पोरांना ते 'मंडलिक साहेबांनी पवारांना पाडलं' एवढंच माहीत असतं. पवार त्या मतदारसंघात उभेच नव्हते, ते माढ्यात होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सदाशिवराव मंडलिक, मुरगूडचे. कागलमधून अनेकदा आमदार, राज्यमंत्री, १९९८ ला काँग्रेसचे खासदार, १९९९ आणि २००४ ला राष्ट्रवादीचे. म्हणजे २००९ ला सलग तीन टर्म झालेला, ७४ वर्षांचा माणूस. २००४ ला शिवसेनेच्या धनंजय महाडिकांनी त्यांना घाम फोडला होता, लीड पंधरा हजारांच्या आतच राहिलं होतं. त्यामुळे 'आता यांचं वय झालं, मतं आटली' हा पक्षाचा हिशेब अगदीच हवेतला नव्हता, हे मान्य करायला पाहिजे.

पण खरं दुखणं वयाचं नव्हतं. खरं दुखणं कागलचं होतं. हसन मुश्रीफ हे मंडलिकांच्याच तालमीत तयार झालेले. १९९९ ला ते आमदार झाले, पुढे मंत्री झाले, आणि गुरू-शिष्याचं फाटलं. कागल तालुक्यात राजकारण पक्षाचं नसतं, गटाचं असतं. मंडलिक गट, मुश्रीफ गट, राजे गट, संजय घाटगे गट. माणसाचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो आणि त्याचं कर्ज कुठल्या संस्थेत आहे, हे कळलं की तो कुणाच्या गटाचा ते कळतं. एका पक्षात दोन गट राहू शकतात, पण दोघांनाही जिल्हा पाहिजे असेल तर नाही. पक्षानं मंत्र्याच्या बाजूनं कौल दिला आणि खासदाराचं तिकीट कापलं.

उमेदवारी दिली संभाजीराजे छत्रपतींना. कागदावर याच्यापेक्षा भारी उमेदवार सापडणार नाही. शाहू महाराजांचं घराणं, वय चाळिशीच्या आत, शहरात वलय. कोल्हापुरात गादीविरुद्ध बोलायचं तर जीभ जड होते. मंडलिकांच्या प्रचारातली सगळ्यात मोठी अडचण हीच होती, आणि त्यांनी ती टाळली. लढाई राजांशी नाहीच, बारामतीशी आहे, असा सूर त्यांनी लावला. समोरच्याचा मान ठेवायचा आणि त्याच्या मागच्याला झोडायचं.

आणि मग त्या 'मागच्यानं'च हातात दारूगोळा दिला. म्हाताऱ्या बैलाला बाजार दाखवायचा असतो, अशा अर्थाचं शरद पवारांचं वाक्य जिल्हाभर गाजलं. पवारांसारखा शेतकऱ्याची नाडी ओळखणारा माणूस हे कसं बोलून गेला, हे कोडं मला आजही सुटत नाही. बेंदराला बैलाची शिंगं रंगवून पोळी खाऊ घालणारा हा जिल्हा. ज्यानं आयुष्यभर नांगर ओढला त्याला म्हातारपणी विकतात हे घराघरात घडतं, नाही असं नाही. पण ते चारचौघात अभिमानानं कुणी सांगत नाही. गावातल्या सत्तरीच्या प्रत्येक माणसाला ते वाक्य आपल्यालाच लागलं.

आता जरा नियमांकडे या, कारण 'अपक्ष' म्हणजे नक्की किती अडचण हे लोकांच्या लक्षात येत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. हे किरकोळ झालं. चिन्हाचं बघा. घड्याळ घरोघरी पोचलेलं. अपक्षाला चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर, म्हणजे मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना. मतदान २३ एप्रिलला होतं. तेवढ्या दिवसांत चंदगडच्या वाडीवस्तीपासून शाहूपुरीपर्यंत नवं चिन्ह डोळ्यात भरवायचं. मतदान यंत्रावर नावही खाली, कारण मान्यताप्राप्त पक्ष आधी, अपक्ष शेवटी. पक्षाच्या स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या नावावर लागत नाही, ही सवलतसुद्धा अपक्षाला नाही. त्याला सगळं त्या वेळच्या २५ लाखांच्या मर्यादेतच बसवायचं. (बसतं का कुणाचं, हा प्रश्न वेगळा!)

हे सगळं ओलांडलं ते गटानं. गावात पक्षाचा फलक नसेल, पण मंडलिकांचा माणूस होता. हमीदवाड्याचा कारखाना होता, मुरगूडची जुनी संघटना होती, पाण्याच्या लढाईतली जुनी ओळख होती. घरोघरी चिन्ह पोचवायला हीच माणसं लागतात. पक्ष गेला तो शिक्का गेला, यंत्रणा घरातच राहिली. त्यात जिल्ह्यातल्या काँग्रेसवाल्यांनी आघाडीचा धर्म किती पाळला, हे उघड गुपित होतं. राष्ट्रवादीची वाढती ताकद त्यांनाही खुपत होतीच. म्हणजे मंडलिक नावाला अपक्ष होते, एकटे नव्हते.

१६ मे ला पेट्या उघडल्या (यंत्रं म्हणा, पण आपल्याकडे अजून पेट्याच). मंडलिकांना चार लाख अठ्ठावीस हजारांवर मतं, संभाजीराजेंना तीन लाख त्र्याऐंशी हजारांवर. लीड ४४ हजारांच्या वर, म्हणजे पक्षाच्या चिन्हावर २००४ ला मिळालं होतं त्याच्या जवळपास तिप्पट. शेजारी हातकणंगल्यात राजू शेट्टींनी राष्ट्रवादीच्या खासदार निवेदिता माने यांना पाडलं. जिल्ह्यातल्या दोन्ही जागा एका दिवसात गेल्या.

पण हे राष्ट्रवादीविरुद्धचं वादळ होतं, असं म्हणणाऱ्यांनी त्याच वर्षीची विधानसभा बघावी. कागलमधून मुश्रीफ पुन्हा निवडून आले. त्याच माणसांनी सहा महिन्यांच्या आत तालुक्यात गुरू-शिष्याची वाटणी करून दिली.

निवडून आल्यावर काय? मंडलिक काँग्रेसचे सहयोगी सदस्य झाले. उघड प्रवेश करता येत नव्हता, कारण अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर पक्षात गेला तर दहाव्या परिशिष्टाप्रमाणे सदस्यत्व जातं. दिल्लीत काँग्रेसचं राज्य, त्यात राष्ट्रवादी भागीदार, आणि त्याच सरकारला राष्ट्रवादीला पाडून आलेल्या या खासदाराचा पाठिंबा. ज्यांच्याशी भांडून निवडून आला, त्यांच्याच बाकांवर पाच वर्षं.

२०१४ ला ते उभे राहिले नाहीत. मुलगा संजय शिवसेनेकडून लढला आणि धनंजय महाडिकांकडून हरला. ते महाडिक आता राष्ट्रवादीचे होते. मार्च २०१५ ला साहेब गेले. २०१९ ला संजय मंडलिकांनी त्याच महाडिकांना पावणेतीन लाखांच्या आसपास फरकानं हरवलं, धनुष्यबाणावर. आणि २०२४ ला परत तोच सामना आला, मंडलिक विरुद्ध गादी. या वेळी राजवाड्यातून स्वतः शाहू छत्रपती उतरले, काँग्रेसच्या हातावर, आणि दीड लाखाच्या वर मतांनी जिंकले. या वेळी मंडलिकांकडे पक्ष होता, चिन्ह होतं, दिल्लीचं आणि मुंबईचं सरकार होतं. म्हातारा बैल म्हणणारं मात्र कुणी नव्हतं.