देवनागरी मजकुराचे संगणकीय मुद्रण

संगणकाच्या स्मृतीत संकेतांकांच्या रूपाने साठविलेला देवनागरी मजकूर प्रिंटरच्या साहाय्याने कागदावर उमटविण्याची प्रक्रिया. ह्या प्रक्रियेत दोन भिन्न गोष्टींचा मेळ घालावा लागतो. पहिली म्हणजे अक्षरांचा क्रम दाखविणारे संकेतांक आणि दुसरी म्हणजे कागदावर दिसणारे आकार. रोमन लिपीत ह्या दोहोंमध्ये जवळजवळ एकास एक असा संबंध असतो. देवनागरीत तो नसतो. देवनागरीच्या संगणकीय मुद्रणाचा इतिहास हा मुख्यतः ह्या भेदाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : ही अडचण संगणकाबरोबर आलेली नाही. फादर स्टीफन्स यांचे मराठी *क्रिस्तपुराण* १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. येथील लिपीत ग्रंथ छापला जावा अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. तथापि तिच्या अक्षरांसाठी सु. ६०० साचे लागतील, ही अडचण त्यांनी १६०८ च्या एका पत्रात नमूद केली होती. एकोणिसाव्या शतकात गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले (१८३१). शिळाछापात हाताने लिहिलेले अक्षरच कागदावर उतरत असल्याने खिळ्यांचा प्रश्न उद्‌भवत नसे. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) देवनागरी खिळ्यांना सुबक रूप दिले. परंतु जुळाऱ्याला जोडाक्षरे व मात्रा यांचे शेकडो खिळे हाताळावे लागतच होते. ही संख्या कमी करण्याचा प्रयत्न लोकमान्य टिळकांनीही केला. यंत्राने जुळणी करावयाची तर लिपी सुटी करावी लागे आणि लिपी अखंड ठेवावयाची तर यंत्र थिटे पडे, असा हा पेच होता.

संकेतांक आणि आकार : संगणकात रोमन अक्षरांसाठी १९६३ मध्ये ‘आस्की’ ही प्रमाण संकेतावली सिद्ध झाली. तीत सात द्विमान अंकांच्या साहाय्याने १२८ चिन्हे दर्शविता येतात. एडिटरमध्ये (मजकूर वा आज्ञावली लिहिण्याच्या साधनामध्ये) टंकलेला मजकूर प्रिंटरकडे पाठविणे म्हणजे हे संकेतांक ओळीने पाठविणे एवढेच काम होते. ओळ संपल्याचा आणि पान बदलण्याचा असे संकेतही त्याच प्रवाहातून जात. अक्षरांचे आकार प्रिंटरमध्येच असत. ओळ-मुद्रकात ते धातूच्या साखळीवर किंवा पिंपावर कोरलेले असत, तर ठिपके उमटविणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये ते त्याच्या स्थायी स्मृतीत साठविलेले असत. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळे. सर्वसाधारणपणे इंचाला १० अक्षरे व ६ ओळी असे प्रमाण असे.

देवनागरीच्या बाबतीत ही व्यवस्था अपुरी पडते. पुणे जिल्ह्यातील वरवंड ह्या गावाचा पत्ता छापावयाचा आहे, असे समजू. ‘वरवंड’ ह्या शब्दात व, र, व, अनुस्वार आणि ड असे पाच संकेतांक आहेत. कागदावर मात्र तो चार अक्षरांची जागा घेतो, कारण अनुस्वार तिसऱ्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘दौंड’ ह्या तालुक्याच्या नावात चार संकेतांक, पण जागा दोनच अक्षरांची. शेजारच्या ‘शिरूर’ तालुक्याच्या नावात ऱ्हस्व इकाराचा संकेतांक ‘श’ नंतर येतो, परंतु वेलांटीची रेघ त्याच्या आधी काढावी लागते. शिवाय ‘र’ला लागणारा दीर्घ उकार इतर अक्षरांच्या उकारासारखा खाली न लागता त्याच्या कुशीत लागतो. ‘जिल्हा’ ह्या शब्दात सहा संकेतांक असून त्यांतील हलन्ताचा संकेत कागदावर दिसतच नाही. तो केवळ ‘ल’ला अर्धा करतो. सारांश, आकार कोणता व कोठे काढावयाचा हे शेजारच्या संकेतांकांवरून ठरवावे लागते आणि हा निर्णय केवळ आकारांचा साठा बाळगणाऱ्या प्रिंटरला घेता येत नाही.

त्यामुळे आरंभीच्या काळात संगणकावर काढलेल्या याद्या व बिले रोमन लिपीतच निघत. मोठ्या रोमन अक्षरांत छापलेले गावाचे नाव वाचून ते वरवंड, वारवंड की वरवांड, हे परक्या वाचकास कळणे शक्य नसे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये संमत झाला होता. तथापि राज्याची भाषा आणि यंत्राची लिपी यांत असे अंतर राहिले.

इस्की व जिस्ट : ह्या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर भारतात १९८० नंतरच्या दशकात मिळाले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने भारतीय लिप्यांसाठी समान संकेतावली १९८३ मध्ये प्रसृत केली. सुधारणांनंतर भारतीय मानक संस्थेने (ब्यूरोने) ती १९९१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली (आयएस १३१९४). ‘इस्की’ ह्या नावाने ती ओळखली जाते. आकारांना नव्हे, तर मूळ वर्णांना क्रमांक द्यावयाचे आणि जोडाक्षरे आज्ञावलीने घडवावयाची, हे तिचे सूत्र होय. ह्या दिशेने कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आर्. एम्. के. सिन्हा, मोहन तांबे प्रभृतींनी काम केले. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) ते ‘जिस्ट’ ह्या नावाने पुढे गेले. जिस्टचे पत्रक संगणकात बसविले असता रोमन लिपीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींतही पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत.

कागदावर मात्र अक्षर चित्र म्हणून काढावे लागे. संगणक प्रथम ओळीतील आकार घडवी, त्यांचे ठिपक्यांत रूपांतर करी आणि ते ठिपके प्रिंटरकडे पाठवी. नऊ टाचण्यांच्या प्रिंटरवर शिरोरेखा, तिच्या वरच्या मात्रा व खालचे उकार एका फेरीत मावत नसत. अक्षर रेखीव येण्यासाठी मुद्रणशीर्ष एकाच ओळीवरून अनेकदा न्यावे लागे आणि वेग घटे. २४ टाचण्यांच्या आणि नंतर लेसर प्रिंटरमुळे ही अडचण कमी झाली. पोस्टस्क्रिप्ट (१९८४) ह्या पृष्ठवर्णनाच्या भाषेमुळे अक्षर हे वक्ररेषांनी बांधलेला आकार बनले व ते कोणत्याही मापात सुबक छापता येऊ लागले.

आकारांचे संकेतन व त्याचे परिणाम : सुबक छपाई शक्य होताच प्रकाशन व्यवसायाने सोपा मार्ग पत्करला. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले फाँट तयार झाले. अर्धा ल, ऱ्हस्व वेलांटी, रफार अशा प्रत्येक तुकड्याला एकेक क्रमांक मिळाला. खिळ्यांच्या पेटीतील खणांसारखीच ही व्यवस्था होती. फरक इतकाच, की प्रत्येक निर्मात्याच्या पेटीतील खणांचा क्रम निराळा होता. वृत्तपत्रे, ग्रंथ व कार्यालयीन कागदपत्रे यांची छपाई ह्या पद्धतीने उत्तम होऊ लागली. परंतु संगणकात उरत असे तो मजकूर नव्हे, तर आकारांच्या तुकड्यांची रास. तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर तीच धारिका निरर्थक रोमन चिन्हांनी भरलेली दिसे. तीत शब्द शोधता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे. कागद हेच मजकुराचे एकमेव विश्वसनीय रूप ठरले आणि अनेक मराठी ग्रंथांच्या पुनर्मुद्रणासाठी जुन्या धारिका निरुपयोगी होऊन मजकूर पुन्हा टंकावा लागला.

युनिकोड : जगातील सर्व लिप्यांसाठी एकच संकेतावली असावी ह्या हेतूने युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तीतील देवनागरीची रचना १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहे. वर्णांना क्रमांक युनिकोडने दिले, तर आकार निवडण्याचे नियम ओपनटाइप पद्धतीच्या फाँटमध्येच अंतर्भूत झाले. सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविलेला ‘मंगल’ हा अशा फाँटांपैकी सर्वांत प्रसार पावलेला होय. विंडोज २००० पासून तो संगणकाबरोबरच मिळू लागला.

तथापि साध्या एडिटरमधून प्रिंटरकडे मजकूर पाठविताना जुना भेद आजही डोके वर काढतो. यूटीएफ-८ ह्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी संकेतांक तीन बाइट व्यापतो. ‘वरवंड’ ह्या शब्दाचे म्हणून १५ बाइट होतात आणि ‘एक बाइट म्हणजे एक अक्षर’ असे गृहीत धरणाऱ्या जुन्या मुद्रण-आज्ञावलींतून चार अक्षरांऐवजी पंधरा असंबद्ध चिन्हे बाहेर पडू शकतात. संकेतांक मोजून स्तंभ जुळविणाऱ्या साधनांत तक्त्यातील रकानेही सरकतात. म्हणून मजकूर थेट न पाठविता, आकार घडविणाऱ्या आज्ञावलीकडून त्याचे प्रथम पृष्ठ बनवून घेणे इष्ट ठरते.

महत्त्व : महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचा संबंध केवळ ग्रंथांशी नाही. जमिनीच्या अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत वर्धा जिल्हा होता. अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८ पासून मिळू लागला. वरवंडच्या शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या उताऱ्यावरील नावात एक अनुस्वार वा वेलांटी चुकली, तर ती केवळ मुद्रणाची चूक राहत नाही. कर्ज, वारसा व खरेदीखत यांच्या वेळी ती त्याच्या ओळखीची चूक ठरू शकते. हस्तलिखित उताऱ्यात तलाठ्याचे अक्षर हाच पुरावा असे. अंकीय उताऱ्यात कागद ही केवळ प्रत असते व पुरावा संकेतांकांत असतो. कागदावर अक्षर शुद्ध दिसणे पुरेसे नसून त्यामागील संकेतांकांचा क्रमही शुद्ध असला पाहिजे, हा ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय.