पीटीचे पांढरे बूट

वाईच्या मुलांना मी निवृत्तीपर्यंत पीटी शिकवली. पोराच्या घरची परिस्थिती मला प्रगतिपुस्तकाआधी त्याच्या बुटांवरून कळायची.

पीटीचा तो पांढरा बूट म्हणजे बाटाचा 'टेनिस', १९३६ सालचा. कोलकात्याजवळ कंपनीचं कारखान्याचं गाव, बाटानगर, वसायला सुरुवात झाली ती १९३४ला. बुटाची रचना साधी: वर सुती कॅनव्हास, खाली रबरी तळ, बोटांपुढे रबराची टोपी. तळ शिवायचा नाही. गंधक मिसळलेलं रबर भट्टीच्या उष्णतेनं पक्कं करायचं, की ते कापडाला धरून बसतं. चामडं नाही, शिलाई थोडी, म्हणून किंमत बेताची. त्यामुळेच तो शाळाशाळांच्या गणवेशात शिरला. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी वाईच्या गंगापुरीत दारोदार ओल्या खडूनं रंगवलेले बूट वाळत असायचे. थोरल्याचा जोड धाकट्याला, पुढे कापूस कोंबून.

हाच बूट आता 'हेरिटेज' म्हणून पुन्हा निघालाय. नातीनं आणलेला जोड मी माझ्या जुन्या जोडाशेजारी ठेवला. ठेवण तीच, टोपी तीच. आत मात्र मऊ गादी आहे. जुन्यात कापडाचा पातळ तुकडा असे. कृष्णाघाटावरचा खडा थेट तळव्याला कळायचा. आम्ही हा बूट कवायतीला घालायचो, नात जीन्सवर घालते.

दिसायला नवा जोड सरस, हे मान्य. पण सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनो, धावायला दोन्ही नकोत. धावण्याचेच बूट घ्या.