फिरंगी महालातील संथा

औरंगजेब दक्षिणेत उतरला तो परत गेलाच नाही, हे मराठी घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. संताजी-धनाजींनी मोगली छावणीची झोप कशी उडवली, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्याच धामधुमीच्या काळात, बादशहा दक्षिणेत असताना, त्याच्या दरबारातून एक फर्मान निघाले आणि त्यामुळे दूर लखनौत विद्येचे एक घराणे नांदू लागले, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. या घराण्यात ठरलेला अभ्यासक्रम पुढे हिंदुस्थानभरच्या मदरशांत पसरला. मला ती हकीकत सांगाविशी वाटते, कारण तिच्या पोटात एक जुना प्रश्न आहे : विद्या राहते कोठे? पोथीत, की गुरूच्या मुखात?

लखनौपासून जवळच, आजच्या बाराबंकी जिल्ह्यात, सिहाली नावाचे गाव आहे. तेथे मुल्ला कुतुबुद्दीन हे मोठे विद्वान शिष्यांना शिकवीत असत. १६९० नंतरच्या एक-दोन वर्षांतच जमिनीच्या वादातून शेजारच्या लोकांनी त्यांच्या घरावर चाल केली. मुल्लाजी मारले गेले, घराला आग लावण्यात आली, आणि आयुष्यभर जमवलेले ग्रंथ त्या आगीत गेले. मागे चार मुलगे राहिले. त्यांनी बादशहाकडे दाद मागितली. लखनौत एका युरोपीय व्यापाऱ्याची हवेली सरकारजमा झालेली होती. लोक तिला ‘फिरंगी महाल’ म्हणत. १६९५ च्या सुमारास औरंगजेबाने ती या अनाथ कुटुंबाला राहावयास दिली. नाव फिरंग्याचे आणि आत अरबी व्याकरणाची घोकंपट्टी, असा तो गमतीचा योग होता.

तिसरा मुलगा निजामुद्दीन त्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचा होता. बाप गेलेला, ग्रंथ जळालेले; आता शिकावयाचे कोणाकडे? तो गावोगाव गुरू शोधीत हिंडला. अवधातील विद्वानांकडे शिकला, काशीला हाफिज अमानुल्ला यांच्यापाशीही बसला. मग फिरंगी महालात येऊन त्याने जी संथा देण्यास आरंभ केला, ती १७४८ साली मरेपर्यंत चालू ठेवली. त्याने लावून दिलेल्या क्रमालाच ‘दर्स-ए-निजामी’ म्हणतात. दर्स म्हणजे पाठ.

या पाठाची वंशावळ मोठी पाहण्यासारखी आहे, आणि तिची एक कडी आपल्या शेजारची आहे. शिराजचे फतहुल्ला शिराजी हे तत्त्वज्ञ आणि गणिती प्रथम विजापुरास आले, ते पहिल्या अली आदिलशहाच्या बोलावण्यावरून. आदिलशहाच्या मृत्यूनंतर, १५८३ साली, ते अकबराच्या दरबारी गेले. इराणातील तर्कशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची गोडी त्यांनी उत्तरेस नेली असे इतिहासकार मानतात. त्यांचे शिष्य, त्या शिष्यांचे शिष्य, असे करीत ती परंपरा सिहालीच्या कुतुबुद्दीनांपर्यंत पोचली. शिराजहून निघालेला दिवा विजापूरच्या वाटेने अवधात गेला म्हणावयाचा!

आता या अभ्यासक्रमात होते तरी काय? मदरसा म्हटला की तेथे केवळ कुराणाचे पठण चालत असेल, अशी अनेकांची समजूत असते. निजामुद्दीनांची यादी पाहिली तर आश्चर्य वाटते. प्रारंभी अरबी शब्दसिद्धी आणि वाक्यरचना यांचे अनेक ग्रंथ. मग तर्कशास्त्र, आणि तेही एक-दोन नव्हे, पायरीपायरीने चढत जाणारे ग्रंथ. अलंकारशास्त्र, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि त्याची मूलतत्त्वे. गणितात युक्लिडच्या भूमितीचा पहिला भाग, तोही नसीरुद्दीन तुसी याने सिद्ध केलेल्या अरबी प्रतीतून. त्याच शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी हीच तुसीची प्रत ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली, हे येथे आठवते. याउलट कुराणाची भाष्ये दोनच, आणि हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा संग्रह अवघा एक. शिवाय यादीत हिंदुस्थानी विद्वानांचे ग्रंथही सन्मानाने होते : बिहारच्या मुहिबुल्लांचे, जौनपूरच्या मुल्ला महमूदांचे, अमेठीच्या मुल्ला जीवनांचे.

यामागची दृष्टी अशी सांगतात की, प्रत्येक शास्त्रातला आटोपशीर पण अवघड ग्रंथ घ्यावा आणि तो विद्यार्थ्याकडून नीट फोडून घ्यावा. एवढे साधले की त्या शास्त्रातले उरलेले ग्रंथ तो आपण होऊन वाचील. म्हणजे विद्यार्थ्याला ज्ञान भरवावयाचे नव्हते, वाचावयास शिकवावयाचे होते. अशी तयार झालेली माणसे काझी होत, मुफ्ती होत, दरबारी कारभारही पाहत. बुद्धीला धार लावणारे तर्कशास्त्र त्यांना उगीच शिकवलेले नव्हते.

शिकवण्याची रीतही आपल्या पाठशाळांतील संथेची आठवण करून देणारी होती. विद्यार्थ्याने आदल्या रात्री उद्याचा पाठ स्वतः लावून पाहावयाचा. सकाळी गुरूपुढे त्याने मूळ वाक्य वाचावयाचे, गुरूने ते उलगडावयाचे, शंका घ्यावयाच्या, फेडावयाच्या. मग सायंकाळी विद्यार्थ्यांनी एकत्र बसून तोच पाठ पुन्हा घोळावयाचा. याला ‘तकरार’ म्हणतात. आपण तकरार म्हणजे भांडण समजतो. मूळ अरबीत तिचा अर्थ पुनरावृत्ती. या बैठकीत जो हुशार असेल तो सोबत्यांना गुरूसारखा पाठ सांगे. अध्यापकांसाठी वेगळे विद्यालय नव्हते. शिक्षक घडे तो येथेच. सोबत्यांना शिकवता शिकवता तो शिकवावयास शिके, आणि शेवटी गुरू त्याला ‘इजाजत’ देई : हा ग्रंथ तू माझ्याकडून शिकलास, आता तू शिकव. दाखला मिळे तो संस्थेचा नव्हे, माणसाचा.

म्हणूनच ही विद्या माणसाबरोबर चालू शकली. निजामुद्दीनांचे पुत्र अब्दुल अली, ज्यांना ‘बहरुल उलूम’ म्हणजे विद्यांचा सागर म्हणत, ते लखनौ सोडून शाहजहानपूर, रामपूर, बंगाल असे फिरत अर्काटच्या नबाबाच्या आश्रयाला मद्रासेस गेले आणि १८१० साली तेथेच वारले. जेथे ते गेले तेथे दर्स गेला.

पुढे मात्र काळ पालटला. १८३७ साली इंग्रजांनी कचेऱ्यांतून फारसी काढली. काझी आणि मुनशी घडवणाऱ्या विद्येचे हुकमी गिऱ्हाईकच नाहीसे झाले. १८५७ नंतर तर उरलासुरला आश्रयही गेला. त्याच सुमारास, १८५८ साली, मुनशी नवलकिशोर या हिंदू गृहस्थांनी लखनौत छापखाना काढला आणि अरबी-फारसी ग्रंथ स्वस्तात घरोघर पोचू लागले. सिहालीत ग्रंथ जळाले होते आणि विद्या टिकली होती. आता ग्रंथ मुबलक झाले आणि विद्येचे काय होणार याची चिंता लागली.

या चिंतेला निरनिराळी उत्तरे मिळाली. १८६६ साली देवबंद येथे एका मशिदीत मदरसा सुरू झाला. त्याने चौकट दर्स-ए-निजामीची ठेवली, पण भर हदीसवर दिला. ही दिल्लीच्या शाह वलीउल्लांची परंपरा. आणि ठरलेले वर्ग, वार्षिक परीक्षा, पगारी अध्यापक ही रीत इंग्रजी शाळांची उचलली. राजाश्रयाऐवजी लोकांच्या वर्गणीवर संस्था चालवली. १८९८ साली लखनौत नदवतुल उलेमाचे विद्यालय निघाले. तेथे शिबली नोमानी यांनी इतिहास, जिवंत अरबी आणि इंग्रजी यांचा आग्रह धरला. तर्कावरील टीकांच्या टीका कमी करा, असे त्यांचे म्हणणे. परंतु यादी बदलणे एका ठरावाचे काम. शिकवणारे मात्र जुन्या दर्समध्येच वाढलेले. विरोध वाढत गेला आणि १९१३ साली शिबली तेथून बाहेर पडले.

मग शिबली हरले काय? मला तसे वाटत नाही. त्यांचे शिष्य सय्यद सुलेमान नदवी हे त्या वेळी आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फारसी शिकवीत होते. १९१४ च्या नोव्हेंबरात शिबली आझमगढास अंथरुणाला खिळले. पैगंबरांचे चरित्र अर्धे लिहून झालेले होते. सुलेमान तिकडे गेले, गुरूचे शब्द घेतले, पुण्याची नोकरी सोडली आणि उरलेले खंड वर्षानुवर्षे खपून पुरे केले.

आजही भारत, पाकिस्तान, बांगलादेश येथील असंख्य मदरसे आपल्या अभ्यासक्रमाला दर्स-ए-निजामी म्हणतात, आणि तो बदलावा की राखावा हा वादही चालूच आहे. वाद बहुधा ग्रंथांच्या यादीवरून होतो. निजामुद्दीनांनी यादी केली खरी. पण ती करण्यापूर्वी ते रिकाम्या हाताने गुरूंच्या शोधात गावोगाव हिंडले होते. कोणत्याही धर्माची, कोणत्याही भाषेची शाळा काढू पाहणाऱ्याने यादीला हात घालण्याआधी तेवढी पायपीट करावी.