कबड्डीची मधली पायरी

आमच्या वाशीम जिल्ह्यात कबड्डीचा खरा हंगाम सोयाबीन निघाल्यावर सुरू होतो. शेतातली घाई ओसरते, थंडी पडायला लागते आणि पानटपरीवर, एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स झळकतात: भव्य कबड्डी सामने, ५५ किलो वजन गट. खुल्या गटात ज्या गावाकडे पैसा ते गाव बाहेरून गडी आणतं. वजन गटात मात्र गावचीच पोरं उतरतात, म्हणून गर्दी वजन गटाला. मंडपात धान्य मोजायचा काटा ठेवलेला असतो. पोरं दिवसभर पोटात काही न घालता रांगेत उभी राहतात. वजन भरलं की तिथंच उभ्या उभ्या केळी खातात आणि तासाभरात मैदानात येतात.

मैदान करणं हे आमच्याकडे वेगळंच काम. जमीन काळी, कपाशीची. वाळली की भेगाळते, ओल धरली की पायाला चिकटते. म्हणून आधी मुरूम टाकायचा, त्यावर बारीक चाळलेली माती, मग पाणी आणि रोलर. सुतळी ताणून चुन्याच्या रेषा मारायच्या. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. हे काम रात्रभर जागून करणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय आणि या खेळाच्या इतिहासात त्यांचं नाव कुणी लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हा इतिहास आमच्यापासून फार लांबचा नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्याच मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि आपले देशी खेळ तिथं दाखवून आलं. त्यात हुतूतूही, म्हणजे आपली कबड्डीही होती. वऱ्हाडातल्या पोरांनी बर्लिनमध्ये दम घुमवला, ही गोष्ट आमच्या पी.टी.च्या सरांनी आम्हाला सांगितली. ते स्वतः अमरावतीला शिकून आलेले. व्यायामाचे असे शिक्षक शाळाशाळांत पोचले म्हणून हा खेळ आमच्याकडे नियमांसकट रुजला, असं माझं ठाम मत आहे.

त्याच बर्लिनमध्ये आणखी एका खेळाचं पदार्पण झालं. बास्केटबॉल. ऑलिंपिकमध्ये त्याला पहिल्यांदा जागा मिळाली ती १९३६ सालीच. अंतिम सामना उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टावर झाला. पाऊस पडला, चिखल झाला, चेंडू उसळेना. अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. म्हणजे तो खेळही तेव्हा चिखलातच खेळला जात होता. आज तो जगभर आहे, आपला नाही. असं का, याचा मी पुष्कळ विचार केला.

बास्केटबॉल जन्मला १८९१ साली, अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डच्या एका प्रशिक्षण संस्थेत. जेम्स नाईस्मिथ नावाच्या शिक्षकानं पीचच्या टोपल्या टांगून तो सुरू केला. शिक्षकानं, शिकणाऱ्यांसाठी. तेव्हापासून त्या खेळाची शाळा, कॉलेज आणि व्यावसायिक संघ ही तिन्ही अंगं एकत्र वाढली. तिकडे छोट्या गावात शाळेचा सामना असला की गाव लोटतं, कॉलेजचे सामने टीव्हीवर देशभर पाहिले जातात. पोरगं अठरा वर्षांचं झालं की खेळ सोडायची वेळ येत नाही, उलट तिथून त्याला खरे प्रेक्षक मिळतात.

आपल्याकडे नियम बांधण्याचं काम कमी झालं नाही. संजीवनी, गनिमी आणि अमर असे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी समोरचा गडी बाद झाला की परत आत येई. गनिमीत बाद झाला तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. अमरमध्ये गडी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजले जात. आजची कबड्डी संजीवनीच्या वळणाची, आणि ते योग्यच झालं. बाद झालेल्याला परतायची आशा असली की खेळ शेवटपर्यंत जिवंत राहतो. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. महाराष्ट्रात शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य घातलं. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि सुवर्ण भारताला मिळालं.

शाळा, कॉलेज आणि व्यावसायिक संघ या तीन पायऱ्यांपैकी शाळेची पायरी आमच्याकडे भक्कम आहे, हे मी अभिमानानं सांगतो. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, त्याआधी आम्हाला जिल्ह्याच्या सामन्याला अकोल्याला जावं लागायचं. मुलींना तर घरून पाठवतच नसत. आता तालुक्याहून निघायचं, वाशीमला खेळायचं आणि संध्याकाळी घरी. माझी पुतणी सतरा वर्षांखालच्या गटात खेळते. तिच्या सामन्याला तिची आजी येते आणि सगळ्यांच्या आधी ओरडते, ‘‘धर तिले, जाऊ नको देऊ!’’ जिल्हा जवळ आला आणि मुलींची कबड्डी वाढली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वरची पायरी तर झगमगतेच. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. मॅट आली, बूट आले, तीस सेकंदांचं घड्याळ आलं. जुने लोक नावं ठेवतात, मी ठेवत नाही. तिसऱ्या चढाईला गुण मिळवायचाच, नाहीतर बाद, या नियमानं वेळकाढूपणा संपला. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून जास्त बोली लागली. इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई पुणेरी पलटणकडे २ कोटी ३५ लाखांना गेला आणि पकड करणाऱ्यालाही मोल आलं, याचा मला विशेष आनंद झाला. १ मार्च २०२४ ला अंतिम सामन्यात अस्लम इनामदारच्या पलटणनं हरियाणाला २८-२५ हरवलं, तेव्हा आमच्या चौकात फटाके फुटले. विदर्भाच्या नावाचा संघ मात्र त्या लीगमध्ये नाही.

मधली, कॉलेजची पायरी मात्र मोडली आहे. आमच्या गावात एक डावा कोपरारक्षक होता. चढाईपटू बोनससाठी पाय टाकायचा तेव्हा हा पुढच्या पायाकडे बघायचाच नाही, मागची टाच कधी उचलली जाते ते बघायचा. टाच उठली की गुडघ्यात वाकून दोन्ही हात घोट्याला, डोकं गड्याच्या पोटरीला चिकटलेलं. एकदा घोटा हातात आला की सुटका नाही. अशी घोटापकड मी टीव्हीवरही फार वेळा पाहिलेली नाही. बारावीपर्यंत क्रीडा गुणांची ओढ होती. कॉलेजात गेला तर आंतरमहाविद्यालयीन सामना भर दुपारी, बघायला राखीव खेळाडू आणि दोन प्राध्यापक. एक वर्ष खेळला, मग पोलीस भरतीसाठी धावायला लागला, ती हुकली आणि चाकणच्या कंपनीत गेला. त्याच्यात कमी काही नव्हतं. त्याचा खेळ बघायला कुणी नव्हतं.

कदर न होणं हे फक्त खेळाडूंचं दुखणं नाही, प्रशिक्षकांचंही आहे. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ हरवून सुवर्ण नेलं. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. जाणकार माणसं आपल्याच राज्यात असतात आणि इतर देश त्यांना बोलावून नेतात.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांना माझी एक विनंती आहे. आंतरमहाविद्यालयीन सामने संध्याकाळी, दिव्यांखाली, बाजाराच्या गावात भरवा. मानोऱ्याला भरवा, रिसोडला भरवा. मैदान आम्ही करून देऊ, मुरूम आम्ही टाकू. आणि वाचकहो, वजन गटाच्या सामन्याला रात्री दोनपर्यंत बसता, तसे कॉलेजच्या पोरांच्या सामन्यालाही या. त्याला तिकीट नसतं.