ठिपक्यांची कुऱ्हाड

साल 1877. चांदा जिल्हा. गडचिरोली अजून त्याच्याच पोटात आहे, वेगळी निघायला 105 वर्षं आहेत. तुम्ही लोहाऱ्याच्या टेकडीपाशी उभे आहात. पायाखालचा काळा-तांबूस दगड उचलून बघा. मुठीएवढाच, पण हात खाली ओढतो.

झाडीतून धूर येतोय. छातीएवढी मातीची भट्टी. वरून एक थर कोळसा, एक थर फोडलेला दगड. खाली दोन कातडी भाते आणि त्यांवर उभा एक पोरगा. डावा पाय, उजवा पाय, जागच्या जागी डोंगर चढावा तसा.

"तुम्हीबी चढा जी," म्हातारा लोहार म्हणतो. शंभर पावलांत तुमच्या पोटऱ्या भरून येतात. पोरगा पहाटेपासून चढतोय.

भोकातून लाल कीट वाहू लागतं. भट्टीचं तोंड फोडतात. लोखंड पाण्यासारखं झालेलं नसतंच. सांडशीत येतो एक छिद्राछिद्रांचा गोळा. घण बसला की उरलेलं कीट ठिणग्यांसकट उडतं. गोळा पुन्हा आगीत, पुन्हा ऐरणीवर. अंधार पडेस्तोवर कुऱ्हाड तयार होते.

म्हातारा तरी थांबत नाही. छिन्नी घेऊन पात्याच्या मानेवर ठिपक्यांची ओळ उठवतो. झाडाला ठिपके नको असतात. म्हाताऱ्याला हवे असतात.

लोखंडावर नक्षी उठवण्याचं हेच वेड जपानात शिगेला गेलं. तिथल्या ततारा भट्टीत लोहवाळू आणि कोळसा तीन दिवस, तीन रात्री जळायचा, भातेही पायानेच चालायचे. तलवारीच्या लोखंडी परजेवर, त्सुबावर, कारागीर सारस आणि लाटा कोरायचे. गेल्याच वर्षी, 1876 मध्ये, तलवार बाळगायला तिथे बंदी आली. परज कोरणारे हात रिकामे झाले.

म्हाताऱ्यासाठीही कागद तयार होतोय: 1878 चा वन कायदा. जंगल राखीव झालं की कोळसा कुठून आणायचा? शिवाय आगबोटीने आलेलं स्वस्त विलायती लोखंड बाजारात उतरलंच आहे. 1882 मध्ये याच टेकडीच्या खनिजावरचा एक अहवाल जमशेटजी टाटा वाचतील. त्यांच्या नावाचा कारखाना मात्र उभा राहील दूर साकचीला. याच जिल्ह्यातल्या सुरजागडचा दगड पुढे ट्रक भरभरून जाईल.

म्हाताऱ्याला हे सांगावंसं वाटतं तुम्हाला. पण तो ओळ पुरी करतोय. शेवटचा ठिपका जरा तिरपा पडतो, तो अंगठ्याने चाचपून बघतो आणि कुऱ्हाड पुन्हा आगीत सारतो.

"भाता," तो म्हणतो. तुमचा पाय आपोआप उचलला जातो.