गंजीच्या जागी घरं

वऱ्हाडात पांढरं सोनं पिकत होतंच, पण ते दाबून बांधणाऱ्या इमारती आल्या आगगाडीमागून. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१–६५) इथल्या कापसाचे भाव भडकले. १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला, आणि १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. सैल रुई डब्यात भरून नेणं परवडत नव्हतं. म्हणून स्टेशनांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले.

त्यांचा आराखडा कापसानंच ठरवला. बैलगाड्या रित्या करून गंज्या लावायच्या, म्हणून आवार ऐसपैस. मध्ये लांबट, उंच छपराचं जिनघर. तिथं सरकी काढणारी यंत्रं ओळीनं उभी. सगळ्या ओळीला फिरवणारा एकच लांब दांडा, आणि त्याला बॉयलर-इंजिनाची ताकद. यंत्रांना कापूस भरवायला बहुतेक बायाच असत. प्रेसघर वेगळं आणि अधिक उंच, कारण ३९२ पौंडांची गाठ दाबणारी पेटी उभी असे. रुई ठिणगीनं पेटते, म्हणून इमारतींमध्ये अंतर राखलेलं.

अशा जुन्या इमारतींत घरं करता येतात का? अमेरिकेत लोवेलच्या ‘बूट’ नावाच्या जुन्या कापडगिरणीत आज लोक राहतात. तिथं मजल्यावर मजले आणि दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या रांगा आधीपासून होत्या. आडव्या-उभ्या भिंती घातल्या की घरं तयार. जिनघर मात्र एकच मोठी खोली. शिवाय भोवतीची मोकळी जमीन इमारतीपेक्षा महाग.

२००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं. सिमेंटचे ओटे आणि कापूस वाहून नेणारे पट्टे असलेले नवे कारखाने गावाबाहेर बांधणं मालकांना सोयीचं ठरलं. तोवर स्टेशनाजवळची जुनी आवारं शहराच्या पोटात आली होती. अशा आवारांत ले-आऊट पडले, प्लॉट विकले गेले, गंजीच्या जागी बंगले नि फ्लॅट आले.

जुन्या इमारती अशा पाडल्या जाण्याचं नुकसान टाळता येण्याजोगं आहे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात उंच छत आणि जाड भिंत किती कामाची, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. प्रेसघराची उंची दोन मजल्यांना सहज पुरते. जिनघराचं छप्पर राखून खाली मधल्या चौकाभोवती बिऱ्हाडं बसतील. ले-आऊट मंजूर करताना नगररचना विभागानं निदान उभ्या इमारतीचा मोजून काढलेला नकाशा मागावा. त्यावर आधी वास्तुविशारदाची नजर पडली पाहिजे, मग बुलडोझरची पाळी.